साधं घड्याळ, पट्ट्याशिवाय

मी, खाली सही करणारी, पेशाने खुणांच्या भाषेची दुभाषी, आता निवृत्त, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे आणि तो मागे टाचला आहे, कारण माझा थोरला भाऊ पहिला प्रश्न तोच विचारणार. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायचे प्रयत्न झाले, पण ते करणारे थकले.

वकीलसाहेबांनी एक मसुदा करून दिला होता. चांगला होता, पण प्रत्येक ओळीत ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ होतं आणि मी कुठेच नव्हते. जन्मभर मी दुसऱ्यांची वाक्यं बोलत आले. न्यायाधीशांची, डॉक्टरांची, बँकेतल्या साहेबांची, एका घटस्फोटात तर नवरा आणि बायको दोघांचीही. एवढा एक कागद माझ्या बोलण्यात असू दे. वकीलसाहेब म्हणाले, “कायद्याला चालेल हो ताई, पण लांबेल.” लांबू दे. मी काही रोज मृत्युपत्र लिहिणार नाही.

कलम १. माणसं

आम्ही तीन भावंडं. थोरला दादा, मधली मी, आणि धाकटा. दादाचा बांधकामाच्या सामानाचा व्यापार आहे. तो मोठ्याने बोलतो, पुढे होऊन सगळ्यांचं करतो आणि मनाने वाईट नाही. हे शेवटचं मी शपथेवर लिहिते, कारण पुढे वाचताना तसं वाटणार नाही.

धाकटा जन्मापासून बहिरा आहे. मुका नाही. नात्यातले काही लोक त्याला अजून मुका म्हणतात, त्यांनी त्याच्याशी एकदा पैजेवर वाद घालून बघावा. तो हातांनी बोलतो, भरभर बोलतो आणि माझ्यापेक्षा जास्त बोलतो. चामड्याचं काम करतो: पिशव्या, कमरपट्टे, पाकिटं, घड्याळांचे पट्टे. पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्याची बैठक आहे, तिथे त्याची गिऱ्हाइकं येतात, कागदावर मापं लिहून देतात आणि बहुतेक परत येतात. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं मृत्युपत्रात येत नाहीत. धाकट्याने केलं नाही, त्याची कारणं त्याला विचारावीत. आम्ही दोघं या घरात राहतो आणि रोज भांडतो.

याशिवाय दादाची बायको, म्हणजे वहिनी, आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, या दोघी पुढे येतील. बाकी कोणी वारस म्हणून उभं राहिलं तर त्याला चहा द्यावा आणि परत पाठवावं.

कलम २. घर

हे घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि मागचा ओटा, मी माझ्या कमाईतून घेतलं आहे. माझ्यामागे ते संपूर्णपणे धाकट्याचं. ‘संपूर्णपणे’ या शब्दाखाली मी रेघ मारली आहे ती उगीच नाही. त्याने इथे राहावं, विकावं, भाड्याने द्यावं, मनात आलं तर भिंती जांभळ्या रंगवाव्यात. कोणी विचारायचं काम नाही.

दादाचा बेत मला ठाऊक आहे. मी गेले की धाकट्याला आपल्या घरी न्यायचं, मागच्या खोलीत ठेवायचं, दोन्ही वेळा वेळेवर जेवायला घालायचं, आणि हे घर भाड्याने देऊन त्याचा कारभार आपण बघायचा. हे सगळं काळजीपोटी. धाकट्याचा ‘पालक’ म्हणून आपली नेमणूक व्हावी असा अर्जही त्याने तयार ठेवला आहे. मला स्वतः आणून दाखवला, वर म्हणाला, “बघ, तुझ्या डोक्याचा एक ताप कमी केला.” अरे दादा, साठीला टेकलेल्या माणसाला पालक कसला लावतोस? ज्याने शिवलेली पिशवी खांद्याला लावून तू रोज दुकानात जातोस, त्याला पैसे मोजता येणार नाहीत?

मला मरणाची फारशी धास्ती नाही. धास्ती एकच आहे. मी गेल्यावर दादा धाकट्याच्या वतीने बोलू लागेल आणि समोरचे ते ऐकून घेतील. बहिऱ्या माणसाशेजारी ऐकणारा माणूस उभा असला की साहेब लोक ऐकणाऱ्याकडेच बघून बोलतात. हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. मी अर्धं पाऊल मागे उभी राहायची, बोटाने दाखवायची, ‘साहेब, त्यांच्याकडे बघून बोला’, तरी साहेब माझ्याकडेच बघायचे. दादा तर अर्धं पाऊलही मागे होणार नाही.

कलम ३. बचत

बँकेतली ठेव धाकट्याची. तीतून आधी दोन खर्च वेगळे काढायचे. एक, माझं सगळं आवरण्याचा, तो शक्य तितका कमी. दुसरा, माझ्या पुतणीला एक मनगटी घड्याळ. त्याचा आकडा घालत नाही, कारण भाव बदलतात. साधं पण नीट बनवलेलं घड्याळ येईल इतका खर्च करावा. ते कसं असावं हे पुढच्या कलमात आहे आणि ते कलम बंधनकारक आहे. वकीलसाहेब हसले, पण मी हसले नाही.

कलम ४. पुतणीचं घड्याळ

पुतणी शाळेतून घरी न जाता इथे यायची, धाकट्याच्या बैठकीशेजारी बसून चामड्याच्या कपच्यांशी खेळायची, आणि खेळता खेळता खुणांची भाषा शिकली. तिच्या बापाला कळलं तोवर ती त्या भाषेत शिव्याही द्यायला लागली होती. आता तिने माझाच धंदा धरला आहे. दवाखान्यांत जाते, उत्तम करते. फक्त मनगटावर ते फोनसारखं घड्याळ बांधते, निरोप आला की उजळणारं.

मध्यंतरी एका आजीबाईंना डॉक्टर तपासत होते आणि पुतणी हातांनी सांगत होती. ऐन वेळी मनगटावर उजेड पडला आणि मोठ्या अक्षरांत निरोप आला, ‘येताना दूध आण’. आजीबाईंची नजर होती हातांवर, दुसरीकडे कुठे असणार? त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, “दूध जेवणाआधी घ्यायचं का नंतर?” डॉक्टर चक्रावले. पुतणीने मला हे हसत हसत सांगितलं. मी हसले नाही, म्हटलं, “बाई गं, तुझे हात म्हणजे त्यांचे कान आहेत. कानात कोणी मधेच घंटा वाजवतं का?” ती रुसून गेली. ते घड्याळ अजून बांधतेच. म्हणून हे कलम.

तर घड्याळ असं हवं. चमकायला नको. सोनेरी नको, खडे नकोत, आरशासारखं घासलेलं पोलादही नको. आम्ही दुभाषे गडद रंगाचे, बिनफुलांचे कपडे घालतो ते शोक म्हणून नाही, तर मागे काही नसलं की हात स्वच्छ दिसतात म्हणून. मनगटावर काजवा चमकू लागला की लोक काजवा बघतात. तेव्हा घड्याळाची कड मंद असावी, उजेड पिऊन टाकणारी. दुकानात दिव्याखाली हात हलवून बघावा. भिंतीवर कवडसा नाचला की ते घड्याळ परत ठेवावं, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

तबकडी पांढरी किंवा सायीच्या रंगाची, आणि काटे काळे. आकडे असले तरी चालतील, पण बारीक रेघा जास्त बऱ्या. तबकडीत आणखी तबकड्या नकोत. मला एकदा एकाने दाखवलं होतं, त्यात चंद्र होता, दुसऱ्या देशाची वेळ होती आणि पाण्यात किती खोल आहोत तेही कळत होतं. मी विचारलं, “आता किती वाजले ते कुठे दिसतं?” त्यालाही सापडायला वेळ लागला.

हा नुसता आवडीचा प्रश्न नाही. दुभाष्याने बोलता बोलता घड्याळाकडे मान वळवली की समोरच्याला वाटतं, हिला माझा कंटाळा आला. ऐकणाऱ्याच्या कदाचित लक्षात येणार नाही, बहिऱ्या माणसाच्या लगेच येतं. वेळ तर बघावी लागते, कारण पुढे दुसरीकडे जायचं असतं. तेव्हा हात फिरता फिरता डोळ्याच्या कोपऱ्यातून एका नजरेत वाचता आलं पाहिजे. पांढऱ्यावर दोन काळे काटे, याहून सोपं मी काही पाहिलेलं नाही. सेकंदकाटा असला तर बारीक असावा. तारखेची खिडकी तर नकोच नको. तारीख भिंतीवर असते, बँकेत असते, शेजारणीला पाठ असते.

जाडी कमी हवी, म्हणजे बाही त्याच्यावरून सहज सरकते. जाड घड्याळावर बाही अडकते, मग आपण दर थोड्या वेळाने ती खेचत बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हाही एखादा शब्द आहे. आकार मनगटापेक्षा लहान हवा. दुकानदार ‘लेडीज’ आणि ‘जेंट्स’ असे दोन डबे काढेल, तिकडे लक्ष देऊ नये. मी माझं घड्याळ घ्यायला गेले तेव्हा घड्याळवाल्याने माझ्यासमोर सगळी फुलाफुलांची मांडली. म्हटलं, “मला वेळ बघायची आहे हो, बाग नाही.” मग मी बोट दाखवलं ते बघून म्हणाला, “बाई, ते जेंट्समधलं आहे.” म्हटलं, “मग त्याला सांगू नका.” तो घड्याळवाला आज या कागदाचा साक्षीदार आहे. फुलांची घड्याळंच जास्त खपतात, असं त्याचं म्हणणं नोंदवून ठेवते.

पट्टा चामड्याचा, गडद तपकिरी, आणि मनगटाला लागून बसणारा. धातूची साखळी हात वर केला की कोपराकडे घसरते, खाली केला की तळव्यावर येते, आणि मनगटावरची लव उपटते ती वेगळीच. पट्टा दुकानातून घेऊ नये. दुकानातले पट्टे सरासरी माणसासाठी असतात आणि तो माणूस मला अजून भेटलेला नाही. पट्टा धाकटा करील. त्याच्याकडून करून घेताना घाई करू नये, तो मनगट हातात धरून बराच वेळ बघत बसतो, त्याला बसू द्यावं.

किल्लीचं की सेलचं, यावर या घरात तीस वर्षं वाद चालू आहे. मी सेलवाली. किल्ली द्यायची आठवण ठेवण्यापेक्षा माणसाने चार माणसांची आठवण ठेवावी. धाकटा किल्लीवाला. लहानपणी तो वडिलांचं घड्याळ दातांत धरून बसायचा, टिकटिक त्याला हाडांत कळायची. आई ओरडायची, “अरे, काटे गिळशील!” तो तिच्याकडे पाठ करून बसलेला असायचा, त्यामुळे ओरडण्याचा काही उपयोग नसायचा, पण ती ओरडायची. वडिलांचं ते घड्याळ अजून त्याच्याकडेच आहे आणि त्याचंच आहे, त्यावर कोणी नजर ठेवू नये. सेलच्या घड्याळाला तो मेलेलं घड्याळ म्हणतो. पुतणीने या बाबतीत तिला हवं ते करावं, पण निर्णय मला कळणार नाही याचं वाईट वाटतं.

शेवटचं. घड्याळ तिने स्वतः जाऊन निवडावं. कामाचे कपडे घालून जावं, घड्याळ बांधावं, दुकानातल्या आरशासमोर उभं राहून काही वेळ बोलत राहावं. हातांनी. लोक बघतील, बघू देत. पाच वाक्यांनंतर घड्याळ बांधल्याचं विसरायला झालं, तर ते तिचं. आठवण राहिली तर दुसरं बघावं. बापाला बरोबर नेऊ नये.

कलम ५. सोनेरी घड्याळ

कपाटात वरच्या कप्प्यात एक सोनेरी घड्याळ आहे, कडेला खडे आहेत. ते दादाने मला पन्नासाव्या वाढदिवसाला दिलं. त्याने प्रेमाने दिलं, भरपूर पैसे घालून दिलं, आणि मला न विचारता दिलं. बांधलं नाही तर त्याला राग आला असता, म्हणून मी घरच्या कार्यक्रमांना बांधायची. कामाला कधीच नाही. पण एके दिवशी घरचा कार्यक्रम आणि काम एकत्र आलं.

वडील गेल्यावर आम्ही तिघं दादाच्या दुकानामागच्या खोलीत बसलो होतो, वाटणीचं ठरवायला. एक कारकून लिहून घ्यायला होता. मी नेहमीप्रमाणे धाकट्याला सगळं हातांनी सांगत होते. दुपार कलली होती आणि ऊन खिडकीतून सरळ माझ्या मनगटावर येत होतं. दादा म्हणाला, “धाकट्याचा वाटा मी सांभाळतो, त्याला काय कळणार त्यातलं.” मी ते जसंच्या तसं सांगायला हात उचलले. तेवढ्यात दादा म्हणाला, “मान्य असेल त्यांनी हात वर करा.” तीन माणसांत मतदान! बहिऱ्या भावाला सोपं जावं म्हणून, असं तो नंतर म्हणाला.

आणि धाकट्याचा हात वर गेला. माझ्या त्या सोन्याच्या आणि खड्यांच्या झगमगाटाने त्याचे डोळे दिपले होते, त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला होता. दादाला तेवढंच हवं होतं. कारकुनाला म्हणाला, “लिहा, मंजूर.” मी ओरडले, “अरे दादा, ऊन गेलंय त्याच्या डोळ्यांत!” तर म्हणतो, “मग हात कशाला वर केला?”

मी घड्याळ काढून टेबलाच्या खणात टाकलं, खुर्ची सावलीत ओढली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. धाकट्याने उत्तर दिलं, ते मी मोठ्याने बोलून दाखवलं: “माझा वाटा माझ्याजवळ. तुझा तू सांभाळ.” कारकुनाने आधीची ओळ खोडली. वाटा वाचला. पण दादाच्या मनातून ती ओळ कधी खोडली गेली नाही. आजही चारचौघांत म्हणतो, “तो हो म्हणाला होता, नंतर हिने त्याला फिरवलं.” हे माझ्या जिव्हारी लागलं आहे आणि मी ते इथे लिहून ठेवते. मी आयुष्यात अनेकांचं वाईट बोलणं नीट पोचवलं, खोटं बोलणंही नीट पोचवलं, पण कोणाचं वाक्य कधी फिरवलं नाही.

ते सोनेरी घड्याळ वहिनीला द्यावं. तिला ते पहिल्यापासून आवडतं, तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला नजर वाचता येते. तिच्या हाताला ते शोभतं. हे टोमणा म्हणून लिहिलेलं नाही.

कलम ६. किरकोळ वस्तू आणि किरकोळ हिशेब

मागच्या खोलीतला उभा आरसा, ज्याच्यासमोर मी पुढच्या दिवसाची तयारी करायची, पुतणीला. माझे गडद कपडे खुणांच्या भाषेच्या वर्गातल्या ज्या मुलीला बसतील तिला. स्वयंपाकघरातलं सगळं धाकट्याला, फक्त तळाला चिकटणारा तवा फेकून द्यावा, मी जिवंतपणी फेकू शकले नाही कारण तो त्याला आवडतो. त्याची हत्यारं, आऱ्या, कातऱ्या, ठोकळे, ही पहिल्यापासून त्याची आहेत. माझ्या सामानात कोणी ती धरू नयेत.

एका कार्यालयात एक साहेब होते. समोरचा माणूस पोटतिडकीने हातांनी सांगत असताना ते मला म्हणायचे, “थोडक्यात सांगा हो.” ते अजून हयात आहेत असं ऐकते. त्यांना मी काही ठेवलेलं नाही.

कलम ७. माझं घड्याळ

हे कलम दोनदा लिहिलं आहे. आधीचं खोडलं ते माझ्याच हाताने, दोन्ही साक्षीदारांसमोर, आणि खोडलेल्या जागी सही केली आहे. आधी मी असं लिहिलं होतं: माझं घड्याळ धाकट्याला. दादाला धाकट्याशी घर, पैसे किंवा राहणं यावर काहीही बोलायचं झालं, तर पुतणीला मधे ठेवूनच बोलावं, तिच्याशिवाय झालेलं बोलणं धरू नये. माझ्या मते हा बंदोबस्त पक्का होता. वकीलसाहेबांनाही आवडला होता.

काल सकाळी मी धाकट्यासमोर बसले आणि सगळा कागद त्याला हातांनी वाचून दाखवला. घराचं ऐकून त्याने नुसती मान हलवली. पुतणीच्या घड्याळावर त्याने तीन ठिकाणी हरकत घेतली, त्या मी फेटाळल्या. तव्यावरून भांडण झालं. मग हे कलम आलं आणि त्याने मला थांबवलं.

त्याचं म्हणणं खाली देते. ते मला सगळंच आवडलेलं नाही, पण समोरचा म्हणाला ते जसंच्या तसं द्यायचं, हा माझ्या धंद्याचा नियम आहे.

तो म्हणाला, “तुझं मेलेलं घड्याळ मला नको.”

मी म्हटलं, “बरं, नको. पुढचं?”

“पुढचंही नको. ती त्याची मुलगी आहे. बाप एक म्हणणार, काका दुसरं म्हणणार, आणि तिने दोन्ही आपल्या हातांनी बोलायचं? तुला आयुष्यभर केलंस तेवढं पुरलं नाही?”

“मग कोण बोलणार? मी नसेन रे.”

“मी बोलेन. हे लिहिताना मला विचारलंस? तो अर्ज लिहितो, तू कलम लिहितेस. दोघं सारखेच.”

मला राग आला. मी म्हटलं, “दादाला तुझी भाषा येत नाही! त्याला तीनच खुणा येतात. ये, जेव आणि सही कर.”

तो हसला. असा हसला की आरी हातातून खाली पडली. मग म्हणाला, “येत नाही, कारण तू होतीस. आम्ही दोघांनी कधी एकमेकांकडे बघितलंच नाही, तुझ्याकडेच बघत राहिलो. तो मोठ्याने बोलला की मी तुझे हात बघायचो. मी बोललो की तो तुझं तोंड बघायचा. मला त्याचा चेहरासुद्धा नीट पाठ नाही. आता आम्हाला काय ते करू दे.”

मी हात मांडीवर ठेवले. मला रडू आलं. त्याने मला रडू दिलं, पाणी आणून दिलं, आणि स्वतः कामाला लागला. बऱ्याच वेळाने त्याने माझं मनगट धरलं, घड्याळ सोडवलं, पट्टा काढून बाजूला ठेवला आणि नुसतं घड्याळ माझ्यासमोर सरकवलं. म्हणाला, “हे दादाला दे.”

त्यामुळे हे कलम आता असं आहे.

माझं मनगटी घड्याळ, साधं, पांढऱ्या तबकडीचं, सेलचं, पट्ट्याशिवाय, माझा थोरला भाऊ दादा याला. पट्टा धाकटा करून देईल. दादाचं मनगट माझ्या दुप्पट आहे, तेव्हा माप घ्यायला दादाने स्वतः या घरी यावं, एकट्याने यावं आणि धाकट्याच्या समोर बसून पट्टा स्वतःच्या हातांनी मागावा. कागदावर लिहून आणलेलं चालणार नाही. पुतणीला दारातही उभं करू नये. घर, पैसे, पालकत्वाचा तो अर्ज, जे काही बोलायचं असेल ते पट्टा मागून झाल्यावर, त्याच दोघांनी, समोरासमोर. तोवर घड्याळ धाकट्याच्या खणात राहील. सेल संपला तर त्याने बदलावा, ही माझी खास विनंती, त्याने नाक मुरडून मान्य केली आहे.

दादा, आता तुझ्यासाठी. तुझ्यासाठी मी करते आहे ते हे शेवटचं भाषांतर. धाकट्याच्या समोर बस, बाजूला नको, आणि उजेड तुझ्या तोंडावर पडू दे. आधी त्याच्याकडे बघ, तो वर बघेपर्यंत थांब, खांद्याला धक्का मारू नकोस. मग उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटाभोवती फिरव, म्हणजे पट्टा. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेव, म्हणजे मला. मग दोन्ही मुठी एकीवर एक दोनदा ठेव, म्हणजे करून दे. आमच्या घरात असंच म्हणतात. मोठ्याने बोलू नकोस, त्याने काही होत नाही.

मी धाकट्याला विचारलं, याला हे जमलं नाही तर? दादाची बोटं जाड, घाबरला की भलतंच करील.

तो म्हणाला, “चुकू दे. मला कळेल.”

सकाळी ये. दुपारी तो झोपतो.

लिहून देणारीची सही: केली आहे.

आम्ही दोघे साक्षीदार लिहून देतो की हा कागद ताईंनी आमच्यादेखत पूर्ण वाचून त्यावर सही केली, कलम ७ मधली खाडाखोड आमच्यासमोर झाली, आणि त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या. त्यांनी आमच्या अक्षरातल्या चुकाही काढल्या. धाकटे बंधू लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार नाहीत, पण खोलीत हजर होते आणि काम करत होते.

साक्षीदार पहिली: वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई. सही.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा घड्याळवाला. सही.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली, खिडकीजवळ.

तारीख: महिन्याचा दुसरा शुक्रवार, सकाळ.